मदत हवी आहे : वापरलेली हायब्रिड गाडी घेण्यापूर्वी बॅटरी कशी तपासावी?

गोदाकाठ
नमस्कार. मुंबईतील एका गृहस्थांची हायब्रिड गाडी मी पाहून आलो आहे आणि ती घरच्या सर्वांना पसंत पडली आहे. किंमतही जवळजवळ ठरली आहे. मात्र रविवारपर्यंत टोकन दिले नाही तर गाडी दुसऱ्या ग्राहकाला देऊ, असे त्यांनी सांगितले आहे. मला काळजी आहे ती फक्त बॅटरीची. ती बिघडली तर खर्च लाखांच्या घरात जातो, असे जो तो सांगतो, आणि माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने हायब्रिडला हात लावण्यास स्पष्ट नकार दिला आहे. बॅटरी चांगली आहे की नाही हे कसे ओळखावे, एवढेच कृपया लवकर सांगावे. बाकी सर्व मी पाहिले आहे.

घाटवाट
गाडी कोणती, कोणत्या वर्षाची, किती चाललेली आणि कितव्या मालकाची, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. मारुतीच्या अनेक गाड्यांवर ‘स्मार्ट हायब्रिड’ असे लिहिलेले असते, पण ती सौम्य हायब्रिड असते. तिची छोटी बॅटरी इंजिनाला थोडा हातभार लावते, केवळ विजेवर गाडी चालवू शकत नाही. तशी गाडी असेल तर आपली लाखांची काळजी निराधार आहे, आणि विक्रेते ‘हायब्रिड’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर तेही निराधार आहे.

रातराणी
माझे मत विचाराल तर या फंदात पडू नका. आमच्याकडे कंपनीतून बसवून आलेली सीएनजी गाडी आहे, ती कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो आणि विकतानाही अडचण येत नाही. शिवाय हायब्रिडमध्ये सीव्हीटी, म्हणजे पट्ट्यावर चालणारा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो, ज्याचा पट्टा झिजला की मोठा खर्च निघतो.

गोदाकाठ
सीएनजीचा विचार आम्ही केला होता, परंतु डिकीत टाकी नको आहे. गाडी मारुतीची ग्रँड व्हिटारा, अल्फा प्लस प्रकारातील, २०२२ च्या अखेरीस नोंदलेली, ४१ हजार किलोमीटर चाललेली आणि पहिल्याच मालकाची आहे. माझा वापर मुख्यतः नाशिक शहरात आणि अधूनमधून मुंबईपर्यंत राहील. आता बॅटरीबद्दल सांगावे.

घाटवाट
‘प्लस’ आहे म्हणजे ती स्ट्राँग हायब्रिड, अर्थात काही अंतर केवळ विजेवरही चालणारी आहे. हिच्या हायब्रिड बॅटरीला कंपनीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत असते. म्हणजे आपल्या हातात २०३० च्या अखेरपर्यंतचा काळ आहे. मात्र ही वॉरंटी चालू आहे आणि नव्या मालकाच्या नावावर राहील, हे विक्रेत्यांच्या तोंडी भरवशावर न सोडता चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्यावे. त्याच भेटीत सर्व्हिसची संपूर्ण नोंद मागावी, म्हणजे किलोमीटरचा आकडाही पडताळला जाईल.

डिकीबद्दलही सांगतो. या गाडीत बॅटरी मागच्या बाजूला असल्यामुळे स्ट्राँग हायब्रिडची डिकी साध्या ग्रँड व्हिटारापेक्षा बरीच लहान आहे. सीएनजी ज्या कारणासाठी नाकारली ते कारण येथेही थोडेफार लागू होते, म्हणून घरातील मोठी बॅग एकदा ठेवून पाहावी.

पाना_पकड
रातराणी यांचा गैरसमज आधी दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. या गाडीच्या ई-सीव्हीटी नावाच्या गिअरबॉक्समध्ये पट्टा नसतोच. इंजिन आणि दोन विद्युत मोटारी यांना जोडणारा ग्रहचक्री दातेरी चाकांचा एक संच असतो, आणि कोणाचा जोर किती घ्यायचा हे संगणक ठरवतो. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटरही नाही. त्यामुळे नेहमी बिघडणारे काही भाग येथे मुळातच नाहीत.

आता बॅटरी. ती ०.७६ किलोवॉट-तासांची, म्हणजे अगदी लहान लिथियम-आयन बॅटरी आहे. म्हणून तिच्या चार्जचा काटा वर-खाली होणे स्वाभाविक आहे. पण चालवण्यात काहीच बदल नसताना तो काही क्षणांत तळाला जाऊन पुन्हा भरभर वर येत असेल, तर आतील एखादा सेल कमकुवत असण्याची शक्यता धरावी. सकाळी इंजिन थंड असताना जावे आणि विक्रेत्यांना गाडी आधी चालू करून ठेवू नका, असे बजावावे. गाडी चालण्यास तयार असल्याचा ‘रेडी’चा दिवा कुरकुर न करता लागला पाहिजे. थोड्या वेळाने इंजिन आपोआप चालू होऊन गरम होईल, ते दोष नव्हे. पण गरम झाल्यानंतरही सिग्नलला इंजिन बंदच होत नसेल तर कारण शोधावे लागेल.

सर्वांत खात्रीचा मार्ग स्कॅनरचा, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या यंत्राचा आहे. बॅटरीतील सेलच्या गटांचे व्होल्टेज वेगवेगळे दाखवणारा स्कॅनर लावून, एकदा जोरात वेग घेताना आणि एकदा ब्रेक लावताना आकडे पाहावेत; एकच गट सतत इतरांपेक्षा खाली पडत असेल तर व्यवहार थांबवावा. संगणकात बिघाडाचा कोड नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण विकण्यापूर्वी कोड पुसता येतात. स्कॅनरमध्ये अंतर्गत तपासण्या ‘अपूर्ण’ दिसल्या, तर कोड नुकतेच पुसले गेले असावेत किंवा प्रत्येक गाडीत असते ती साधी बारा व्होल्टची बॅटरी काढली गेली असावी.

काजूगर
मी मडगावचा. माझ्याकडे जुनी कॅमरी हायब्रिड आहे. मागच्या आसनाजवळील जाळीतून बॅटरीला थंड हवा मिळते; ती जाळी धुळीने आणि कुत्र्याच्या केसांनी तुंबली की बॅटरी तापून तिचे आयुष्य घटते. या गाडीतही पुस्तिकेत दाखवलेली हवेची जाळी आधी पाहावी. आणि वॉरंटीचे एवढे स्तोम कशाला? माझ्या बॅटरीतील खराब मॉड्यूल (सेलचा गट) बाहेरच्या कारागिराने बदलून दिले आणि गाडी आजही चालते. आपणही एखाद्या कारागिराकडून बॅटरी उघडून तपासून घ्यावी.

पाना_पकड
जाळीची सूचना मोलाची आहे, पण बॅटरी उघडण्याचा सल्ला मला धोकादायक वाटतो. कॅमरीची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आणि ही लिथियम बॅटरी यांची हाताळणी सारखी नाही. येथे १७७.६ व्होल्टचा एकदिश प्रवाह आहे, तो जीवघेणा ठरू शकतो. हा प्रवाह नेणाऱ्या नारिंगी केबलला प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावू नये. शिवाय दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीची बॅटरी उघडून तिची वॉरंटी धोक्यात आणण्याचा अधिकार खरेदीदाराला नाही.

काजूगर
माझा कारागीर प्रशिक्षित आहे, म्हणून मी लिहिले. वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी आपले म्हणणे मान्य आहे.

घाटवाट
गोदाकाठ, नाशिकला येताना कसारा घाटात गाडी चालवून पाहण्याची मागणी करावी. चढावर ही लहान बॅटरी लवकर उतरते आणि सर्व भार तीन सिलिंडरच्या इंजिनावर येतो; तेव्हाचा आवाज आणि ओढ घरच्यांना चालते का, हे शहरात कळणार नाही. उतारावर गाडीचा वेग रोखून धरणारा ‘बी’ मोड लावून पाहावा.

आणखी एक विचारतो : मालक गाडी का विकत आहेत, आणि ती कोठे उभी असते?

गोदाकाठ
मालक गेल्या पावसाळ्याआधी परदेशी गेले आहेत. गाडी त्यांच्या इमारतीच्या तळघरात उभी असते, व्यवहार त्यांचे मेहुणे पाहतात. मला दाखवली तेव्हा जंप स्टार्ट (दुसऱ्या बॅटरीची वीज जोडून चालू) करावी लागली, पण ती साधी बारा व्होल्टची बॅटरी असल्याचे त्यांनी सांगितले. विमा मध्यंतरी संपला आहे, तो मी माझ्या नावाने काढणारच आहे.

पाना_पकड
हे आपण पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवे होते, कारण सारा प्रश्न येथे बदलतो. बारा व्होल्टची बॅटरी उतरली असेल तर हायब्रिड ‘रेडी’ होत नाही, हे मेहुण्यांचे म्हणणे खरे असू शकते. पण मुंबईच्या तळघरात गाडीने संपूर्ण पावसाळा काढला आहे, आणि पाणी शिरलेल्या हायब्रिडइतका वाईट सौदा नाही. सर्व सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांवर चिखलाची रेषा आहे का ते पाहावे. आसनांखालच्या पट्ट्यांवरचा गंज, गालिच्याखालचा ओलावा, सुट्या चाकाच्या खोबणीतील गाळ, जोडण्यांवर चढलेला हिरवट-पांढरा थर, हे सर्व टॉर्च घेऊन पाहावे. ब्रेकच्या डिस्कही पाहाव्यात. हायब्रिडमध्ये बराचसा वेग मोटारच कमी करते, त्यामुळे पॅड पुष्कळ टिकतात. पण उभ्या गाडीच्या डिस्क गंजून खड्डे पडतात.

रातराणी
माझी सीएनजीची बाजू राहू द्या, विम्याबद्दल मात्र आग्रहाने सांगते. संपलेल्या विम्यावर गाडी रस्त्यावर आणणेच बेकायदेशीर आहे, त्यामुळे घाटातील चाचणी आज होऊच शकत नाही. अपघात झाला तर चालवणारे आपण असाल. विमा मालकांनीच आधी काढावा. खंड पडलेला असल्याने स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण देण्यापूर्वी विमा कंपनी गाडीची पाहणी करते, ती आपल्याला उपयोगीच पडेल. जुन्या विम्यात पाण्याचा किंवा अपघाताचा दावा झाला होता का, तेही लेखी मागावे.

गोदाकाठ
मेहुण्यांशी बोललो. विमा काढण्यास आणि गाडी टो करून अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेण्यास ते तयार आहेत, पण तपासणीचा खर्च मी करावा आणि टोकन आधी द्यावे, असे म्हणतात.

घाटवाट
तपासणीचा खर्च अवश्य करावा. टोकन मात्र बॅटरीचा अहवाल, सर्व्हिसची नोंद आणि विम्याचा इतिहास हाती आल्यावरच द्यावे. मालक परदेशात असल्यामुळे मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर सही कोण करणार आणि मेहुण्यांकडे त्यासाठी कोणते अधिकारपत्र आहे, हे आधी विचारावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हेही लागतील.

गोदाकाठ
अधिकारपत्राबद्दल विचारले, ते अद्याप केलेले नाही. रविवारचा टोकनचा विषय मी थांबवला आहे. पुढच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरची वेळ मिळाली की अहवाल येथेच देतो.