मदत हवी आहे : एक्क्यांची जोडी केव्हा सोडावी?

मी न्यू जर्सीत ऑनलाइन होल्डेम (पोकरचा एक प्रकार) खेळतो. टेबल 2-5 सेंटचे (डावाच्या सुरुवातीला लावायच्या सक्तीच्या रकमा). काल एक्क्यांच्या जोडीवर मी प्रत्येक फेरीत पैसे लावत गेलो आणि तोवर मुकाट्याने कॉल करणाऱ्या (तेवढेच पैसे भरणाऱ्या) खेळाडूने, पटावर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत, गुलाम, दश्शी, चव्वी, सत्ती, दुर्री उघडल्यावर, माझ्या 1 डॉलरवर उरलेले सगळे 4.15 डॉलर लोटले. जमलेल्या 6.87 डॉलरसाठी मला आणखी 3.15 भरायचे होते, म्हणजे 32 टक्के वेळा जिंकलो तरी नुकसान नव्हते. मी कॉल केला आणि त्याने हातातल्या दोन चव्व्या दाखवल्या; पटावरची धरून त्याच्या तीन झाल्या आणि मी हरलो. इतक्या छोट्या टेबलांवर असे शांत खेळाडू अखेरच्या फेरीत सहसा थाप मारत नाहीत, हे मला पटते, तरीही एक्के हातातून सुटत नाहीत. अशा वेळी फोल्ड करण्याआधी (पत्ते टाकून डाव सोडण्याआधी) आपण नेमके काय पाहता, हे कृपया सविस्तर सांगावे.