पाचवीपर्यंत थांबायचं कशाला?

पाचवी-आठवीत पुन्हा नापास करा, म्हणजे सरकारी शाळा ताळ्यावर येतील, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दुसरीत जोडाक्षर अडलं, हातच्याची वजाबाकी अडली, हे पाचवीच्या निकालात कळून त्या मुलाला काय मिळणार? मधली वर्षं तर गेलीच.

जाब विचारायला नवा कायदा नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं की शिक्षकाने प्रत्येक मुलाची कुवत तपासायची, गरज असेल तिथे जादा शिकवायचं आणि पालकांना भेटून प्रगती सांगायची. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात. पण आपल्याकडे गोव्यात, सत्तरी-सांगे तालुक्यांत, या समितीची बैठक गळकं छप्पर आणि स्नेहसंमेलन यांतच संपते. वाचनाचा विषय निघतच नाही!

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी १९६३ नंतर गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या, तेव्हा शाळा दारात आणणं हेच मोठं काम होतं. आज कित्येक शाळांत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळतो. त्याला आधी सोबतीला दुसरा शिक्षक द्या, मग खुशाल जाब विचारा. आणि पुढच्या बैठकीआधी तिसरीतल्या प्रत्येक मुलाला एक परिच्छेद पालकांसमोर नव्हे, शिक्षकाजवळ बसून वाचू द्या, नोंद मात्र समितीने मागायची.