हंटिंग्टन आहे घरात, आता भावाची काळजी वाटतेय

धाकटी_७:
बाबा हंटिंग्टननेच गेले, म्हणजे मेंदूचा आनुवंशिक आजार, हातपाय आपोआप हलत राहतात तो. शेवटी शेवटी कप बशीत ठेवताना इतका खडखडाट व्हायचा की आई स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा द्यायची. दादा आता ३६ चा, टेस्ट केलेली नाहीये. परवा त्याचा कप बशीवर वाजला आणि तो नुसता हाताकडे बघत बसला, रात्री म्हणाला माझं बाबांसारखं मी होऊ देणार नाही. वहिनी म्हणते विषय काढू नका, उगाच डोक्यात भरेल. बरोबर आहे का तिचं?

कृष्णाकाठ:
अगं काढ विषय, आजच काढ. विचारल्याने डोक्यात भरत नाही. आमच्या ह्यांना हाच आजार, मी सरळ विचारलं होतं जीव द्यायचे विचार येतात का, तर ढसाढसा रडले, म्हणाले बरं झालं विचारलंस. आणि लेक्चर देऊ नको, ऐकून घे. 'हो' म्हणाला तर एकटा सोडू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट. टेलिमानस म्हणून सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ फ्री आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

न्यूरोवाला:
जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ मध्ये या आजारावर लिहिलं तेव्हाच आत्महत्येकडे कल असतो हे नोंदवलंय, त्यामुळे दादाचं बोलणं हलक्यात घेऊ नका. लोकांना वाटतं रिपोर्ट आल्यावर धोका, पण निदान व्हायच्या जरा आधी, म्हणजे माणूस स्वतःच हातपाय न्याहाळत बसतो तो काळ वाईट, आणि नंतर नोकरी, गाडी चालवणं सुटतं तेव्हा. डिप्रेशन नुसतं टेन्शनमुळे नसतं, मेंदूतल्या बदलांमुळेही येतं आणि औषधाने बरंच कमी होतं. पुढेमागे आपोआप होणाऱ्या हालचाली कमी करायला टेट्राबेनाझिन हे औषध दिलंच तर मूडवर लक्ष ठेवा, त्याने डिप्रेशन वाढू शकतं. बाकी कप एकदा वाजला म्हणजे आजार लागला असं नाही हो, बाबांना होता म्हणून चान्स ५०% च आहे. टेस्ट घाईत नको, आधी जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे टेस्ट करायची का आणि निकालाचा अर्थ काय हे तज्ज्ञांशी बोलून घ्या.

धाकटी_७:
काल बोलले. मटार सोलत बसलो होतो तेव्हाच विचारलं, खूप वेळ गप्प, मग म्हणाला येतात विचार, पण लगेच काही करणार नाहीये. गुरुवारची अपॉइंटमेंट मिळालीये, वहिनी रजा टाकतेय, तोवर मी इथेच राहतेय. मग मलाच विचारतो, तुझा पण चान्स तेवढाच ना गं, तू कशी झोपतेस? म्हटलं नाही झोपत.

कृष्णाकाठ:
मग गुरुवारी तुझाही नंबर लाव बाई.