न्याय, धैर्य आणि तग : अभ्यासिकेसाठी तीन चित्रं, प्रतीकं आणि साहित्य दोन्हींबद्दल सल्ला हवा

खडूफळा:
परळमधल्या एका सार्वजनिक अभ्यासिकेसाठी तीन चित्रांचा संच करायचा आहे. विषय ठरलेत: न्याय, धैर्य आणि श्रद्धेच्या बळावर धरलेला तग. प्रत्येक कॅनव्हास २४ बाय ३६ इंच, उभा. काम ऑगस्टमध्ये सुरू होईल, चित्रं २६ जानेवारीला भिंतीवर हवीत. भिंत पश्चिमेची आहे, पावसाळ्यात ओल धरते. उजेड ट्यूबलाइटचा.

तराजू, सिंह आणि कमळ असा कच्चा आराखडा केलाय, पण तो बँकेच्या कॅलेंडरसारखा दिसतो. हे कसं टाळायचं? ऑइल घ्यावं की ॲक्रिलिक? तराजूला सोनेरी वर्ख लावला तर मुंबईच्या हवेत टिकेल का?

शाईदौत:
तराजू, सिंह, कमळ बघताक्षणी ओळखू येतात आणि नजर लगेच पुढे सरकते. कल्पनेचं चिन्ह काढण्यापेक्षा घटनेतली वस्तू काढा. अशा वस्तू आपल्याकडे भरपूर आहेत.

न्यायासाठी ओंजळीतलं पाणी घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा मुंबई विधिमंडळातला बोले ठराव १९२३ चा. त्यानंतर महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. तळ्यावरच्या हक्काबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो १९३७ साली. कागदावरचा हक्क आणि हातातलं पाणी यांमधलं सगळं अंतर त्या ओंजळीत येतं. अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलांना ते तराजूपेक्षा कितीतरी जवळचं वाटेल.

धैर्यासाठी सावित्रीबाईंचं दुसरं लुगडं. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल फेकला जायचा म्हणून त्या बदलायला एक लुगडं सोबत नेत, हे घराघरात माहीत आहे. चेहरा काढूच नका. खुंटीवर टांगलेलं चिखलाचं लुगडं आणि खाली चौघडी घातलेलं कोरडं लुगडं, एवढं पुरे. उद्याही शेण पडणार हे ठाऊक असून घडी घालून ठेवलेलं कापड सिंहापेक्षा जास्त बोलतं.

तिसऱ्यासाठी इंद्रायणीतली तुकोबांची वही. इथं मात्र एक काळजी घ्या. पाण्यावर तरंगणाऱ्या गाथेची चित्रं इतकी झालीत की ती पुन्हा कॅलेंडरकडेच जातील. वही पृष्ठभागाच्या जरा खाली, अजून बुडालेली दाखवा. कथेत ती वर येण्याआधी तुकोबा तेरा दिवस काठावर बसून आहेत. तग म्हणजे ते तेरा दिवस. देहूला एक वही ‘भिजकी वही’ म्हणूनच ओळखली जाते, त्यामुळे बुडालेली वही लोकांना परकी वाटणार नाही.

आता तिन्ही चित्रांत पाणी आहेच. पहिल्यात ते हातात घेतलंय, दुसऱ्यात चिखल धुणार आहे, तिसऱ्यात वही त्यात बुडालीय. म्हणून तिन्ही कॅनव्हासवर खालच्या कडेपासून बरोबर १२ इंचांवर एकच पाण्याची रेघ ठेवा. दोन फलकांत २ इंचांची फट ठेवली तर एकूण रुंदी ७६ इंच होते, आणि ती रेघ तिन्ही चित्रांना बांधून ठेवते. दुसऱ्या चित्रात खोलीच्या भिंतीवर पाणी दाखवता येणार नाही, तिथं घंगाळातल्या पाण्याची पातळी त्या रेषेवर आणा.

रंगवायला घेण्याआधी प्रत्येक विषयाची २ बाय ३ इंचांची निदान पंधरा छोटी रेखाटनं करा, फक्त काळा, करडा आणि पांढरा वापरून. पहिली पाच-सहा हमखास सवयीची निघतात.

पाचर:
मी फक्त साहित्यावर लिहितो, कारण मुंबईत चित्र बिघडतं ते बहुतेक वेळा मागच्या बाजूनं.

आधी भिंत तपासा. एक फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं भिंतीला पक्का चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय, मग आधी गळती बंद करा. खोलीकडच्या बाजूला जमले तर तो हवेतला दमटपणा. ओल भिंतीतलीच असेल आणि दुरुस्ती होणार नसेल, तर भिंत बदला. कुठलाही व्हार्निश मागून येणारी ओल थांबवत नाही.

तुमच्या तारखांत ॲक्रिलिकच घ्या. ऑइलवर शेवटचा व्हार्निश द्यायला निदान सहा महिने थांबावं लागतं, जाड थराला त्याहून जास्त. शिवाय ऑगस्टच्या हवेत टिटॅनियम व्हाइट आणि ॲलिझरिनसारखे रंग फार सावकाश वाळतात. घाईत वरचा थर दिला की तो आधी सुकतो आणि मग तडकतो.

कॅनव्हास १० ते १२ औंसाचा सुती. स्ट्रेचर, म्हणजे कापड ताणायची चौकट, दीड इंच जाड, मुरलेल्या लाकडाचा. ३६ इंचांच्या बाजूंना जोडणारी मधली आडवी पट्टी हवीच, नाहीतर लांब बाजू आत ओढल्या जातात. कोपऱ्यांतल्या आठ पाचरी (कापडाचा ताण वाढवणारे लाकडी तुकडे) सुतळीनं किंवा टेपनं अडकवून ठेवा, सुट्या पडल्या तर कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या मध्ये अडकून पुढून टेंगूळ येतं. पावसाळ्यात कापड सैल वाटलं म्हणून पाचरी ठोकत बसू नका, हवा कोरडी झाली की तेच कापड गरजेपेक्षा जास्त ताणलं जातं. नोव्हेंबरमध्ये एकदा हलकेच ठोका.

जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात. पहिला सुमारे पंधरा टक्के पाणी घालून आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी ३२०. तिन्ही कॅनव्हास कडांसकट करायला एक लिटर पुरतो. हाताला तासाभरात कोरडा लागतो, पण पावसाळ्यात पुढचं काम एक दिवसानंतरच सुरू करा.

पाच रंगांत काम भागतं: अल्ट्रामरीन, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ओकर, टिटॅनियम व्हाइट. काळा रंग घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिसळून मिळणारा गडद रंग पाण्याला आणि चिखलाला दोन्हींना चालतो. ॲक्रिलिक वाळल्यावर एक पायरी गडद होतं, तेव्हा त्वचेचे रंग आधी कागदाच्या पट्टीवर वाळवून बघा. पातळ करायला रंगाच्या निम्म्याहून जास्त पाणी नको, रंग धरून ठेवणारा चिकटा कमी पडतो आणि थर बोटाला पावडरीसारखा लागतो. त्याहून पातळ हवा तर ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं मिश्रण) वापरा, एक भाग रंगाला आठ ते दहा भाग.

व्हार्निश जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, पंखा बंद करून. दमट हवेत दिला तर त्यावर पांढुरकी साय धरते. ट्यूबलाइट आहे म्हणून मॅट किंवा सॅटिन घ्या, ग्लॉसमध्ये ट्यूबच दिसेल.

हिरवा चाफा:
वर्खाबद्दल. बाजारात स्वस्तात मिळतो तो पितळी वर्ख. त्यात तांबं असतं, समुद्राच्या हवेत तो आधी तपकिरी, मग हिरवट पडतो. लावायचाच असेल तर दुसऱ्याच दिवशी त्यावर शेलॅक (लाखेचं पॉलिश) किंवा व्हार्निशचा थर हवा. खऱ्या सोन्याचा वर्ख काळवंडत नाही, साधारण ८० मिलिमीटर चौरस पानांचा, २५ पानांचा गठ्ठा येतो, पण या चित्रांना त्याची गरज दिसत नाही. लुगड्याच्या काठाला सोनेरी भास हवा तर करड्या रंगाशेजारी यलो ओकर ठेवा, सावलीत अंबर, आणि एकाच जागी पिवळसर पांढऱ्याचा बारीक ठिपका. डबीतला ब्राँझ पावडरचा सोनेरी रंग तर अजिबात नको.

शाईदौत यांचं दुसरं चित्र मला फार आवडलं, पण एका गोष्टीवर मतभेद आहे. कोरडं लुगडं निळं किंवा भगवं करू नका. मुंबईत सपाट निळा आणि सपाट भगवा झेंडा म्हणून आधी वाचला जातो, वस्तू म्हणून नंतर. मातकट लाल किंवा फिकट हिरवं काठाचं लुगडं घ्या.

आणि तराजू अगदीच सोडवत नसेल तर जुनी उदाहरणं नीट बघा. न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी मुळात गौरवाची नव्हती. १४९४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापलेल्या एका लाकूडठशात ती पट्टी एक मूर्ख माणूस बांधतोय, म्हणजे ती टीका होती. सर्वोच्च न्यायालयातल्या, २०२४ मध्ये चर्चेत आलेल्या नव्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत आणि तलवारीच्या जागी हातात संविधान आहे. आपल्या उच्च न्यायालयाच्या माथ्यावर न्यायाशेजारी दयेचीही मूर्ती आहे, ती जोडी फार कमी चित्रकार वापरतात. इटलीतल्या पडुआच्या चॅपेलमध्ये चित्रकार जोत्तोनं १३०५ च्या सुमारास न्याय आणि अन्याय समोरासमोरच्या भिंतींवर काढले, तेही करड्या रंगात, दगडी मूर्तींसारखे. न्यायाच्या पायाशी लोक निर्धास्त प्रवास करताहेत, अन्यायाच्या पायाशी वाटमारी चाललीय. देवतेपेक्षा तिच्या पायाशी काय घडतं, ते तिथं जास्त महत्त्वाचं ठरतं.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार. ओंजळ, लुगडं आणि वही पक्कं केलं. आता अडतंय ते ओंजळीतल्या पाण्यावर. रेखाटनात ते जेलीसारखं दिसतंय. आणि बुडालेल्या वहीवर अक्षरं किती दाखवायची?

शाईदौत:
जेली दिसते कारण तुम्ही पाण्याला स्वतःचा निळा रंग देताय. ओंजळीतल्या पाण्याला रंग नसतो, त्याच्याखालच्या हाताला असतो. पाण्याखालची त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा एक पायरी गडद आणि थोडी जास्त लालसर करा. तळहाताच्या रेषा पाण्याच्या कडेशी तुटून जराशा सरकलेल्या दाखवा. पाणी त्वचेला भिडतं तिथं केसाएवढी गडद रेघ, आणि तिला लागून उजेडाच्या बाजूला बारीक चमक. ती रेघ सगळीकडे सारखी जाड झाली की पुन्हा जेली. बोटांच्या फटीतून पडणारे थेंब तीनच ठेवा, वेगवेगळ्या अंतरावर.

संदर्भासाठी खिडकीजवळ कुणालातरी ओंजळ धरायला सांगा आणि पाच-सहा फुटांवरून दुप्पट झूम करून फोटो घ्या. फोन जवळ नेला की बोटं फुगतात. चित्रात ओंजळ ११ ते १२ इंच रुंद, म्हणजे खऱ्याहून मोठी हवी, कारण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ती वाचता आली पाहिजे.

वहीवर अक्षरं दोन-तीन जागीच, अर्धवट. पूर्ण ओळ लिहिली तर लोक चित्र सोडून शुद्धलेखन तपासतात आणि पाठभेदांवरून वाद होतो. आधी वही कोरडी असल्यासारखी रंगवा, पूर्ण वाळू द्या, मग अंबर आणि अल्ट्रामरीनचा पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, तीन वेळा. प्रत्येक थराला खोल बाजूकडे थोडा जास्त रंग. कडा आपोआप मऊ होतात. एकाच जाड थरात केलं तर पाणी न दिसता धूळ दिसते.

एकदा बोरिवलीला कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात जाऊन या. तिथं मधोमध बोधिसत्त्व अवलोकितेश्वर मोठा आणि शांत आहे, दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेल्या माणसांची छोटी छोटी दृश्यं. लुगड्याच्या चित्रात चिखलाचे डाग किती मोठे ठेवायचे, ते तिथलं प्रमाण बघून ठरवा. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.

पाचर:
लावताना दोन गोष्टी. अभ्यासिकेत माणसं बसलेली असतात, खुर्चीतल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ४८ इंचांवर येते. चित्राची खालची कड ३६ इंचांवर ठेवली की तुमची पाण्याची रेघ नेमकी त्या उंचीवर बसते. मग मात्र टेबल-खुर्च्या भिंतीपासून फूटभर लांब हव्यात, पाठीवरच्या सॅका कॅनव्हासला घासतात. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून अर्ध्या इंचाचे रबरी बूच चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. मागची बाजू प्लायनं बंद करू नका, सनपॅक (पोकळ प्लास्टिकची) शीट स्क्रूनं बसवा आणि तिला वर-खाली चार-चार भोकं पाडून आतून जाळी लावा. जुन्या इमारतीच्या भुसभुशीत प्लास्टरमध्ये नुसता खिळा राहत नाही, प्रत्येक चित्राला दोन स्क्रू प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट, विटेपर्यंत जाणारे.

नेताना रंगाच्या बाजूला बबल रॅप थेट लावू नका. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतं आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, आणि सगळ्यात वर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला.