मदत हवी आहे : ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (चेहऱ्याच्या नसेची कळ), बलून करावं की कानामागचं ऑपरेशन? (इंदूर)

प्रश्न
आई, वय ७२, रामबाग. उजव्या गालात आणि खालच्या जबड्यात विजेसारखी कळ, ५-१० सेकंदांची, दिवसातून २०-३० वेळा. चूळ भरली, थंड वारा लागला की हमखास. दोन दाढा काढून झाल्या, फरक शून्य. कार्बामाझेपिन २०० दिवसातून चार वेळा. कळ निम्म्यावर आली, पण चालताना तोल जातो. सोडियम १२६. स्टेंट २०१९ चा, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू. एक डॉक्टर बलून म्हणतात, दुसरे कानामागून ऑपरेशन. ठरवायचं कसं?

उत्तर १
ऑपरेशन राहू द्या, आधी सोडियम. १२६ म्हणजे बरंच कमी, कार्बामाझेपिनने ते उतरतं. त्यात तोल जातोय म्हणजे आजच फिजिशियनना गाठा. गोळी मनाने एकदम बंद करू नका, कळा उसळतात. ऑक्सकार्बाझेपिन सुचवलं तर हा रिपोर्ट पुढे करा, त्याने सोडियम आणखी उतरतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा अळणी जेवण चालू असेल तर तेही सांगा. डोस उतरवताना बॅक्लोफेन किंवा गॅबापेन्टिनची जोड देता येते.

आणि आणखी दाढा काढू नका.

एमआरआय साधा नको. ‘फिएस्टा’ किंवा ‘सिस’ सिक्वेन्स (मशीनच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं), काप १ मिमीहून पातळ, असं चिठ्ठीवर लिहून घ्या. मेंदूच्या देठापाशी नसेवर धमनी टेकलीय का, नस दबून बारीक झालीय का, हे त्यात दिसतं. गाठ असेल तर तीही.

उत्तर २
वरच्यांनी एमआरआयचं बरोबर सांगितलं, निम्मा निर्णय तिथेच होतो.

कानामागचं ऑपरेशन म्हणजे एमव्हीडी. कवटीला जुन्या रुपयाएवढं भोक, सूक्ष्मदर्शकाखाली धमनी नसेपासून सोडवून मध्ये टेफ्लॉनचा बोळा. नस शाबूत राहते, म्हणून गाल सहसा बधिर होत नाही. अमेरिकन सर्जन पीटर जॅनेटा यांच्या पिट्सबर्गच्या रुग्णांत (१९९६) १० वर्षांनीही सुमारे ७० टक्के लोक गोळीविना वेदनामुक्त होते. धोके : त्या कानाचं ऐकू येणं जाणं, जखमेतून किंवा नाकातून मेंदूतलं पाणी गळणं, क्वचित पक्षाघात.

बलूनमध्ये ओठाच्या कोपऱ्याबाहेर अडीच सेंमीवरून गालातून सुई घालून, एक्स-रेवर बघत कवटीच्या तळाच्या छिद्रापर्यंत नेतात. आतून ४ नंबरचा फोगार्टी कॅथेटर (टोकाला फुगा असलेली नळी), फुग्यात साधारण पाऊण मिली डाय, नसेवर एक-दीड मिनिट दाब. पडद्यावर फुगा नाशपातीसारखा दिसायला हवा. गोल राहिला तर तो जागेवर नाही, आराम टिकत नाही. दाब देताना नाडी एकदम मंदावते, म्हणून ती वाढवणारं अॅट्रोपिन भरून ठेवतात. नंतर गाल बधिर, त्या बाजूने चावायला काही आठवडे ताकद नाही, म्हणजे पोहेही मऊच लागतील. आराम बहुधा काही वर्षांचा, पुन्हा करता येतं.

माझं मत : धमनी स्पष्ट दिसली आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला असेल तर ७२ वय एमव्हीडीला आडवं येत नाही. नाहीतर बलून. मात्र विजेच्या कळांऐवजी सतत जळजळ असेल तर दोन्हींचा भरवसा कमी. नस दुखावणाऱ्या उपायाने ती वाढूही शकते.

क्लोपिडोग्रेल दोन्हींआधी साधारण ५-७ दिवस थांबवतात, पण ते हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी संमतीनेच.

प्रश्नकर्ता
गामा नाइफ?

उत्तर २
म्हणजे नसेवर किरणांचा नेमका मारा. भूल नको, कापणं नको, क्लोपिडोग्रेलही सहसा चालू राहतं. पण आराम पडायला आठवडे ते महिने लागतात, तोवर गोळ्या सुटत नाहीत. सोडियम १२६ असताना तीच अडचण आहे. करायचंच झालं तर मुंबईला हिंदुजात किंवा दिल्लीला एम्समध्ये विचारा.

उत्तर ३
खर्चाचं : ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधार लागतं. भरती होण्याआधी आयुष्मान काउंटरवर विचारा, ऑपरेशन कोणत्या पॅकेजात बसतं आणि मंजुरीला किती दिवस लागतात. एमआरआय बाहेर केलात तर सीडी मागून घ्या, सर्जनना नुसता कागद चालत नाही.