एकी होते, पण कुणाच्या हुकमाखाली?

परग्रहवासी चालून आले की माणसं आपसातली भांडणं विसरतात, म्हणून परग्रहवासींच्या हल्ल्याचे चित्रपट आपल्याला भावतात, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. 'इंडिपेंडन्स डे' (१९९६) आठवा. योजना अमेरिकेची, ती मोर्स कोडवरून (टिंब-रेघांच्या संदेशलिपीतून) जगाला कळवली जाते, आणि वाळवंटात तळ ठोकलेले इतर देशांचे वैमानिक तिचीच वाट बघत असतात. लढाईचा दिवससुद्धा ४ जुलै! याला एकजूट कसं म्हणायचं? बाकीचं जग नुसतं हाताखाली राबतं.

'अरायव्हल' (२०१६) मला कितीतरी जास्त खरा वाटतो. १२ यानं १२ ठिकाणी येतात आणि घाबरलेले देश एकमेकांना माहिती देणंच थांबवतात. चीन हल्ल्याच्या तयारीला लागतो. तिथे एकी आयती मिळत नाही. एका भाषातज्ज्ञ बाईला फोनवर चिनी सेनापतीचं मन वळवावं लागतं, आणि प्रतिकार असतो तो आपल्याच माणसांच्या भीतीला.

पृथ्वीबाहेरून धोका आला तर जगातले मतभेद झटक्यात मिटतील, असं अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्हणाले होते. कोविड तर साऱ्या जगावर एकदमच आला होता. तरी श्रीमंत देशांनी लशी आधी स्वतःसाठी राखून ठेवल्या.