रागावर ताबा ठेवायला शिकवता येते का? तिसरी-चौथीच्या वर्गासाठी मार्गदर्शन हवे आहे

शाळेच्या वाटेवर (प्रश्न)

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या एकत्रित वर्गाला शिकवते. वर्गातील बरीच मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जातात आणि मुले आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवतात. ही मुले अभ्यासात मागे नाहीत, पण त्यांचा राग, रुसवा आणि रडे यांना कसे सामोरे जावे हा प्रश्न मला रोज पडतो.

परवा मधल्या सुट्टीत लंगडीत बाद झालेला चौथीतील एक मुलगा वर्गात आला आणि त्याने स्वतःची गणिताची वही टराटरा फाडली. शेजारच्या मुलीने "अरे, फाडू नकोस" म्हणताच त्याने तिची कंपासपेटी खिडकीबाहेर भिरकावली. थोड्या वेळाने तोच मुलगा बाहेर जाऊन मातीतल्या पेन्सिली एकेक करून वेचत होता आणि कर्कटक सापडत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. केले ते चुकले हे त्याला उत्तम कळते. फक्त ते कळायला उशीर होतो.

परिपाठात आम्ही रागाच्या दुष्परिणामांच्या गोष्टी सांगतो आणि मुले "राग करू नये" असे एका सुरात म्हणतातही. शांत बसणाऱ्या मुलांना वहीत चांदणी द्यावी, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले आहे. पट मोठा नसला तरी दोन इयत्ता एकत्र असल्याने वेळ फार कमी मिळतो. अशा वर्गात नेमके काय शिकवावे आणि कसे, हे अनुभवी शिक्षकांनी व जाणकारांनी कृपया सांगावे.

फळा आणि खडू

नमस्कार, बाई. मी पहिली ते चौथीला बरीच वर्षे शिकवत आलो आहे. राग आवरणे हे कौशल्य आहे, आणि कौशल्य सरावाने येते. त्यावरच्या व्याख्यानाने येत नाही. त्यातही सराव राग आलेला नसताना करून घ्यावा लागतो. पोहायला कोणी पुराच्या पाण्यात शिकवत नाही.

सरावासाठी वेगळा तास लागत नाही, कारण आपल्याकडचे जुने खेळ नेमके हेच काम करतात. "चिमणी भुर्र" घ्या. चिमणी, कावळा, पोपट म्हटले की हात वर जातात, आणि "टेबल भुर्र" म्हटले की वर निघालेला हात मुलाला स्वतःच अडवावा लागतो. "शिवाजी म्हणतो" या खेळातही आज्ञा ऐकताच हालचाल करण्याची ऊर्मी क्षणभर थोपवायची असते. मुलांना खेळ अंगवळणी पडला की नियम उलटा करावा: "डोके" म्हटले की पायाच्या बोटांना हात लावायचा आणि "पाय" म्हटले की डोक्याला. मेगन मॅक्लेलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लहान मुलांचे आत्मनियमन मोजण्यासाठी अशाच उलट्या आज्ञांची चाचणी वापरली आहे. परिपाठानंतरची पाच मिनिटे यासाठी पुरतात. एक पथ्य मात्र पाळावे: चुकलेल्याला खेळाबाहेर काढू नये. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज असते, तोच पहिल्यांदा बाद होतो आणि बाकीचा वेळ भिंतीला टेकून बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भावनेला नाव देणे. तुमच्या त्या मुलाला बहुधा "राग आला" एवढेच सांगता येत असेल. तो चिडला होता, हिरमुसला होता, की सर्वांसमोर हरल्याची त्याला लाज वाटली होती? प्रत्येक वेळी पुढचा उपाय वेगळा असतो. भाषेच्या तासाला धड्यातील पात्राबद्दल "त्याला या वेळी काय वाटले असेल?" एवढे विचारले तरी मुलांच्या तोंडी हे शब्द रुळतात आणि अभ्यासक्रमही बाजूला पडत नाही.

तिसरी कृती कासवाची. भावनिक व सामाजिक कौशल्ये शिकवणाऱ्या अमेरिकेतील पाथ्स या अभ्यासक्रमात ती लहान मुलांना शिकवली जाते. राग आला की थांबायचे, हात छातीशी घेऊन कासवासारखे आत जायचे, सावकाश श्वास सोडायचा आणि मग काय झाले व कसे वाटले ते बोलायचे. मुलांना ही कृती नाटुकले म्हणून करायला आवडते. भांडण झाल्यावर आपण फक्त "कासव" म्हणावे. त्या वेळी उपदेश मुळीच करू नये.

मनोवाट

मी शालेय समुपदेशक आहे. वरील सरांच्या सर्व सूचनांशी सहमत आहे, पण चांदणीच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहिते.

संयमाचा विषय निघाला की वॉल्टर मिशेल यांच्या स्टॅनफर्डमधील मार्शमॅलो प्रयोगांचा दाखला हमखास दिला जातो. समोरचा खाऊ लगेच न खाता थांबणाऱ्या मुलाला दुप्पट खाऊ मिळे, आणि जी मुले जास्त वेळ थांबली ती पुढे अभ्यासातही सरस ठरली, असे नंतरच्या पाठपुराव्यात दिसले. त्यावरून संयम ही जन्मजात देणगी असल्याचा समज पसरला. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवरून हे पुन्हा तपासले, तेव्हा तो संबंध निम्म्याने कमी भरला आणि कुटुंबाची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक क्षमता विचारात घेतल्यावर आणखी क्षीण झाला.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला छोटा प्रयोग. त्यात खाऊच्या परीक्षेआधी मुलांना चित्रकलेचे साहित्य देण्यात आले आणि "थांब, मी याहून छान साहित्य आणते" असे सांगण्यात आले. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना "माफ कर, शिल्लक नाही" असे सांगितले. नंतर खाऊसमोर पहिल्या गटातील मुले सरासरी १२ मिनिटे थांबली आणि दुसऱ्या गटातील जेमतेम ३ मिनिटे. म्हणजे थांबायचे की नाही हे मूल बऱ्याच अंशी समोरचा मोठा माणूस शब्द पाळतो की नाही, यावरून ठरवते. ज्यांच्या आयुष्यात दर वर्षी काही महिने आईवडीलच दूर असतात, अशा मुलांच्या बाबतीत तर हे मला फार मोलाचे वाटते.

म्हणून चांदण्या देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. शांत स्वभावाच्या मुलाला त्या आपोआप मिळतात आणि धडपडणाऱ्याला कधीच मिळत नाहीत. त्याऐवजी दिवसाचा क्रम रोज सारखा ठेवा, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहा, आणि "उद्या खेळू" असे म्हटले असेल तर उद्या खेळाच.

अशा शिक्षणाचा अभ्यासावरही परिणाम होतो. जोसेफ डर्लाक यांच्या गटाने २०११ मध्ये २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात भावनिक कौशल्यांबरोबर मुलांच्या अभ्यासातील प्रगतीतही वाढ दिसली, आणि वर्गशिक्षकांनी स्वतः राबवलेले कार्यक्रमही परिणामकारक ठरले. तेव्हा बाहेरून तज्ज्ञ येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

बांधावरून

एक वेगळी बाजू मांडतो. आत्मनियमनाच्या नावाखाली आपण मुलांना गप्प बसायला तर शिकवत नाही ना, हे सतत तपासले पाहिजे. ज्या मुलाची आई चार-पाच महिने शंभर-दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहे, त्याच्या रागाला कारण आहे. तो राग दिसेनासा झाला म्हणजे शिकवणे यशस्वी झाले, असे मी मानणार नाही. राग येणे मान्य, वस्तू फेकणे अमान्य, एवढा फरक मुलाला स्पष्ट सांगावा. शिवाय वही फाडली म्हणून त्याला वर्गासमोर उभे करणे किंवा टोचून बोलणे हा मानसिक त्रासच आहे, आणि शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक त्रासालाही बंदी आहे. त्या मुलाने पेन्सिली वेचून आणल्या, ही भरपाई त्याने आपणहून केली होती. तिची दखल त्याला बाजूला घेऊन शांतपणे घ्यायला हवी.

बाई, तुमच्याच जिल्ह्यात २००९ पासून मूल्यवर्धन हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला होता. त्यात जोडीने आणि गटाने करण्याच्या कृतींवर भर आहे. जुन्या उपक्रमपुस्तिका तुमच्या केंद्रातील एखाद्या शाळेत असतील. एकत्रित वर्गाला त्यांचा चांगला उपयोग होईल.

शाळेच्या वाटेवर

सर्वांचे मनापासून आभार. "चिमणी भुर्र" उद्यापासूनच सुरू करते आणि चांदण्यांचा विचार सोडून देते. मनोवाट ताई, शब्द पाळण्याबद्दल एक अडचण विचारते. रडणाऱ्या मुलाची समजूत काढण्यासाठी आईवडील फोनवर "संक्रांतीला येतो" असे सांगतात, पण मुकादमाकडून घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फिटल्याशिवाय त्यांना निघता येत नाही. मग संक्रांतीनंतरचा आठवडा वर्गात फार अवघड जातो. येथे शिक्षकाने काय करावे?

मनोवाट

आईवडिलांना दोष न देता एवढीच विनंती करा की, परतण्याची तारीख सांगू नका. "पट्टा पडला की येऊ", म्हणजे हंगाम संपून कारखाना बंद झाला की येऊ, हे खरे असते, आणि मुलांना ते समजते. त्याऐवजी हातात असलेला छोटा शब्द द्यावा: दर रविवारी संध्याकाळी फोन. आजीकडे फोन नसेल किंवा त्यात पैसे नसतील, तर वसतिगृहाच्या काळजीवाहकांच्या फोनवरून तो लावता येईल का, ते त्यांच्याशी आधी बोलून ठरवा. फोन झाला की मुलाने वर्गातील दिनदर्शिकेवर स्वतः खूण करावी. एखाद्या रविवारी फोन आला नाही, तर सोमवारी सकाळी परिपाठाआधी त्या मुलाजवळ दोन मिनिटे बसा. त्या दिवशी लंगडीत बाद होणे त्याला नेहमीपेक्षा जड जाणार आहे.